शाळेतल्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या मनासाठी १५ हजारांत काय करावं?

फळ्यावरची तारीख (धागाकर्ती)
नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. पाचवी ते दहावी, ४१२ मुलं, तेरा शिक्षक, एक लिपिक, एक शिपाई दादा, एक मावशी. दहावीच्या एका जुन्या बॅचने शाळेला १५ हजार रुपये दिलेत. अट एकच: मुलांच्या आणि शिक्षकांच्या मनाला आधार होईल असंच काही करा.

दिवाळीनंतर निम्म्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेले, मुलं आजीपाशी राहिली. घटक चाचणीत सातवीतल्या एका पोराने पेपरवर स्वतःचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. घंटा झाली तेव्हा कागदाला भोक पडलं होतं आणि खाली एकही गणित नव्हतं. नववीच्या तीन मुली मधल्या सुट्टीनंतर डोकं-पोट दुखतं म्हणून घरी जातात. आणि आमचे एक सर, ज्यांच्याकडे वर्ग सांभाळून बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम आहे, ते परवा प्रयोगशाळेचं दार लोटून रडत बसले होते. मी चहा नेला तर म्हणाले, "काही नाही, डोळ्यात खडू गेला."

काय घ्यावं, काय करावं? बजेट १५ हजारच.

सह्यकडा
आमच्या शाळेत आम्ही मोठा डिजिटल पॅनल आणि चार स्पीकर बसवले. सकाळी परिपाठानंतर दहा मिनिटं ध्यान. मुलं एकदम शांत. सगळं मिळून एक लाख दहा हजार गेले, पण काम एक नंबर. बाकीची वर्गणी काढा.

फळ्यावरची तारीख
सर, १५ हजार.

रानजाई
काहीही करा, पण बाहेरून वक्ता आणू नका. आमच्याकडे एकाला आणलं होतं. दिवे बंद, मागे हळवं संगीत, "डोळे मिटा, आईबाबांचे कष्ट आठवा." हॉलभर हुंदके, पालक खूश, फोटो निघाले. आठवीतल्या एका मुलाचे वडील चार महिन्यांपूर्वी गेले होते. तो बाकाखाली शिरला, बाहेर येईना. वक्ते पाकीट घेऊन दुसऱ्या शाळेत गेले होते. तासभर मी त्याच्याशेजारी फरशीवर बसून होते. तुमच्या मुलांचे आईबाप फडावर आहेत, त्यांना तर हे बिलकूल नको.

डोंगरवाट
रानजाईताई, सगळे वक्ते तसे नसतात. आमच्या वक्त्याने दहावीच्या मुलांना अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं, निकाल वाढला.

रानजाई
निकालाचं कोण विचारतंय इथे?

निवृत्त हेडमास्तर
३४ वर्षं शाळा चालवली. एक रुपया खर्च न करता सांगतो, खेळाचा तास परत द्या. आता तो गणित-विज्ञानाच्या जादा तासाला खाल्ला जातो. पोरगं लंगडीत हरलं की तिथेच रडून मोकळं व्हायचं.

डोंगरवाट
सर, आता आनंददायी शनिवार आहे की. २०२४ पासून.

निवृत्त हेडमास्तर
तो पहिली ते आठवीला. नववी-दहावीच्या मुलांना आनंद नको का? आणि त्या शनिवारचे फोटो पाठवण्यात शिक्षकाचा रविवार जातो.

पांढरा एप्रन
मी आरोग्य खात्यात आहे, म्हणून खात्रीने सांगते. पैसे लागतच नाहीत. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं का ते पाहा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी, मोफत. तिथल्या समुपदेशकांना शाळेत बोलवायचं असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र द्या. नाव खोडणाऱ्या मुलाला आधी तिथे न्या, पण वर्गातून सगळ्यांदेखत उठवून नको. आणि सरांना टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलतात.

सह्यकडा
मुलांकडे फोन कुठे असतो? आणि मुलांसाठी १०९८ आहे ना?

पांढरा एप्रन
१०९८ वेगळं. मूल संकटात असेल, मारहाण, बालविवाह, तेव्हा. मन जड झालंय तर १४४१६. दोन्ही लावा. ऑफिसात नको, जिथे कुणी न पाहता वाचता येईल तिथे.

कायद्याचं बोला
जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. तुमची ४१२ मुलं. संस्थेकडे लेखी मागा.

निवृत्त हेडमास्तर
पद मंजूर कोण करणार? शेवटची सहा वर्षं माझ्या शाळेत कला शिक्षकाची जागा रिकामी होती.

चौथा बाक
आम्ही मनातलं लिहायला पेटी ठेवली होती. दोन महिने रिकामी. कारण ती ऑफिसच्या दारात, कॅमेऱ्याखाली होती. वाचनालयाच्या आतल्या कोपऱ्यात हलवली, आठवड्यात अकरा चिठ्ठ्या. मग एका मॅडमनी एक चिठ्ठी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली. त्या दिवसापासून पेटी परत रिकामी. ठेवणार असाल तर किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस तोंडाचा घट्ट हवा.

सह्यकडा
ध्यानाचं कुणी मनावर घेतलं नाही. पॅनल हप्त्याने मिळतो.

घंटेचा दोर
मी शिक्षिका नाही. माझी आई एका शाळेत शिपाई होती, २२ वर्षं. कुठल्या मुलीने डबा आणला नाही, कोण रडून तोंड धुऊन आलं, हे आईला सगळ्यांच्या आधी कळायचं. एकाही ट्रेनिंगला तिला बसवलं नाही. चहा मात्र तिनेच वाटला. तुमच्या मावशींना त्या तीन मुलींबद्दल विचारलंत का?

फळ्यावरची तारीख
नाही विचारलं. सोमवारी विचारते.

डोंगरवाट
शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री आठनंतर सूचना टाकायच्या नाहीत असं ठरवा. आमच्याकडे ठरलं, फार फरक पडला. रानजाईताई, बाकी तुमचं वक्त्याबद्दलचं पटलं.

फळ्यावरची तारीख
सर्वांचे आभार. मावशींशी बोलले. त्या म्हणाल्या, "बाई, मुलींच्या संडासाला कड्या कुठं हायती? एक आत, एक दार धरून उभी. म्हणून पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत." आठ महिन्यांत मी एकदाही आत जाऊन पाहिलं नव्हतं. आमचं वेगळं आहे, त्याला कडी आहे.

पैसे त्यातच घालतेय. पाच दारांच्या कड्या, दोन दारं खालून कुजलीत ती, आत दिवा, एक नळ, झाकणाची बादली. सुताराने अकरा हजार सांगितले, उरलेले प्लंबरला.

सह्यकडा
मॅडम, राग मानू नका, पण हा दुरुस्तीचा खर्च झाला. संस्थेने करायचा. देणगीदारांनी मनासाठी दिलेत.

कायद्याचं बोला
सहमत. संस्थेला पत्र द्या, हे पैसे राखून ठेवा.

फळ्यावरची तारीख
पत्र दिलंय. उत्तर येईपर्यंत मुलींनी तहानलेलं बसायचं का? देणगी देणाऱ्यांपैकी एका ताईंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळीही नव्हत्या."

मुलाला घेऊन बुधवारी रुग्णालयात जातेय, आजीही येतेय. सरांना नंबर दिला, त्यांनी खिशात ठेवला, काही बोलले नाहीत. त्यांचे शनिवारचे दोन तास मी घेतेय.

घंटेचा दोर
ताई, कडी आतून लावायची घ्या आणि जरा खाली बसवा. पाचवीतल्या मुलींचा हात वर पोचत नाही.