गाडीला नाव ठेवायचंय (नावं नव्हे, नाव!) आणि दावणगेरेला डोसा खायला जायचंय

क्लचराव
मंडळी, शेवटी गाडी घेतली. सेकंडहँड, २०१४ ची, पांढरी, उंच डब्यासारखी हॅचबॅक, एक लिटर पेट्रोल, तीन सिलिंडर. कंपनी मुद्दाम सांगत नाहीये, सांगितली की दुसऱ्या प्रतिसादापासून मायलेज आणि रिसेल सुरू होतं आणि मूळ धागा गॅरेजला लागतो. सिग्नलला उभी असली की वेट ग्राइंडरसारखी थरथरते, बाकी तब्येत ठणठणीत. एकच गोष्ट म्हणजे डावीकडचं मागचं दार कधीतरी बदललेलं आहे, गाडी दुधाच्या रंगाची आणि ते दार सायीच्या रंगाचं. उन्हात जास्तच दिसतं. सोसायटीतल्या तिघांनी आतापर्यंत "ठोकलेली दिसतेय" असं प्रेमाने विचारून झालंय.

तर प्रश्न दोन.

१) आमच्या घरात गाडीला नाव ठेवायची पद्धत आहे. नावं ठेवायला शेजारी आहेत, आपण एकच ठेवायचं. घरची अट अशी की नाव साऊथ इंडियन पदार्थावरून पाहिजे, कारण रविवारी सकाळी आमच्याकडे दुसरं काही शिजतच नाही, आणि माझी अट अशी की नावात कोटी झाली पाहिजे. फक्त उपमा अलंकाराची कोटी नको, ती आठवीच्या व्याकरणाच्या तासालाच शिळी झाली होती. जो करेल त्याला कोरडी इडली.

२) जानेवारीत पुण्याहून बेंगळुरूला मेव्हणीकडे जायचंय, गाडीने. आयुष्यभर हातगाडीवर 'दावणगिरी लोणी स्पंज डोसा' खाल्लाय, पुण्यात दर चौकात एक, सांगली कोल्हापुरात तर एकाला खेटून दुसरी, आणि ते दावणगेरे चक्क रस्त्यातच लागतं असं परवा नकाशात बघितलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. तिथे थांबणं वर्थ आहे का? का आपला हातगाडीवालाच बरा?

चटणीवाटी
अभिनंदन! माझ्याकडून घ्या:

भरडोसा. सेकंडहँड गाडीला याहून योग्य नाव नाही, रोज सकाळी किल्ली फिरवताना म्हणायचं, हिचा काय भरडोसा.

उतारप्पा. एक लिटर इंजिन आणि चार माणसं म्हटल्यावर घाट चढताना काय होणार ते होणार, पण उतारावर हिच्यासारखी हीच.

अप्पे पण सुचलं होतं पण मग लोक विचारणार की तीन चाकी कधी घेतली.

आमच्या वडिलांची फियाट होती तिचं नाव 'मंदाकिनी', कारण मंद. त्यामुळे तुमची पद्धत एकदम मान्य. आणि ते दार रंगवून घ्या हो, चार-पाच हजारात होईल.

नागपुरी_भाऊ
सांबार ठेवा न भाऊ. "गाडी सांबार!" म्हटलं का झाली कोटी, सांभाळ पण आला अन् सांबार पण.

आता माझी गोष्ट ऐका. आमच्याकडे विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी ऐकली असन तुम्ही, त्याच्यात डाळ-बीळ काही नसते, सारा हिरवागार सांबार भरला असते. मी पुण्यात नवीन होतो तवा भाजीवाल्या मावशीले म्हटलं दहा रुपयाचा सांबार द्या. तिनं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणे, "समोर अण्णाचं हॉटेल आहे, तिकडे मिळंल." मी म्हटलं, मावशी तुमच्या समोरच तर जुडी पडून आहे. काहून भांडून राहिला म्हणे! अन् आपल्या हॉटेलात बसलं का "सांबारात सांबार टाकला का" हा प्रश्न मी अजूनही गंभीरपणे विचारतो, कोणी उत्तर देत नाही.

माटुंगेकर
तेल जाळून पावणेसहाशे किमी कशाला जाताय, आमच्याकडे या. माटुंगा स्टेशनच्या बाहेर रामा नायकांची खाणावळ १९४२ पासून आहे, केळीच्या पानावर बसून जेवा आणि लोकलने घरी जा. पार्किंग मात्र मागू नका, ते १९४२ मध्येही नसणार.

नावाबद्दल: 'सांबार'ला माझं पण मत. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं त्यामुळे सांबार आपलंच असं छातीठोक सांगता येतं. (ती संभाजीराजे तंजावरला आले, आमसूल संपलं म्हणून आमटीत चिंच घातली आणि त्यांच्या नावावरून तिचं सांबार झालं, ही गोष्ट कोणीतरी इथे लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो, गोष्ट गोड आहे, पुरावा विचारू नका. राज्य मात्र खरं, १८५५ पर्यंत होतं.)

जुन्या काळी नंबरप्लेटवर काय मजा होती राव. ४१४१ घेतला की 'दादा', २१४ घेतला की 'राम', ४९१२ असला तर आडनाव न विचारता कळायचं. आता एचएसआरपी (ती सरकारी ठरावीक छापाची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) आली आणि सगळी कविता संपली. तुमच्या २०१४ च्या गाडीला पण बसवावी लागेल हां, एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्यांना आहे.

जयनगर_चौथाब्लॉक
मी मूळ मिरजेचा, १६ वर्षं बेंगळुरूत. पहिल्यांदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तो महत्त्वाचा आहे.

थांबा. नक्की थांबा. पण स्पंज डोसा डोक्यातून काढून जा, नाहीतर हिरमोड होईल. आपल्याकडे हातगाडीवर जो मिळतो तो जाड, जाळीदार, पावासारखा मऊ. तिथला बेण्णे दोसे म्हणजे (बेण्णे = लोणी) कडेने खरपूस आणि आतून मऊ, पिठात तांदूळ-उडदाबरोबर चुरमुरे वाटलेले असतात, चांगल्या जुन्या ठिकाणी अजून लाकडावर तवा असतो आणि लोणी टाकताना भटारी हिशेब ठेवत नाही. सोबत बटाट्याचा पल्या (म्हणजे भाजी), तो पण पांढराच, हळद नाही, आणि पातळसर चटणी. सांबार नाही. मागू पण नका. तुम्हाला आपल्या स्पंजच्या जवळचं काही हवंच असेल तर 'खाली दोसे' म्हणा, तो मऊ असतो आणि पल्याशिवाय येतो. माझ्या मावसभावाने 'खाली' ऐकून बाक सोडला होता, जमिनीवर बसायचं असेल म्हणून.

रस्ता सोपा आहे, सातारा कोल्हापूर बेळगाव हुबळी हावेरी दावणगेरे, एकच हायवे धरून ठेवायचा. कोल्हापूरपर्यंत कामं चालू असतात, डायव्हर्जनला वेळ धरा, निपाणीच्या पुढे तवंदी घाट संपला की मग गाडी मोकळी सोडा. पहाटे चारला निघालात तरी दावणगेरेला दुपारच होणार, त्यामुळे हुबळीत मुक्काम करून सकाळी आठला तिथे पोचा, डोसा सकाळचाच खावा. पुढे चित्रदुर्ग लागेल, डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या की समजा आलं. किल्ला बघाच. सात तटांचा आहे, आणि कन्नडमध्ये किल्ल्याला कोटे म्हणतात, म्हणजे तुम्हाला एका तिकिटात सात कोट्या. नंतर तुमकुरूच्या जरा पुढे क्यात्संद्र, तिथे तट्टे इडली. तट्टे म्हणजे ताटली. इडली खरंच ताटलीएवढी असते, दोन मागवू नका, मी मागवल्या होत्या आणि पुढचे ७० किमी सीटबेल्ट एक खाच सैल वाटावा असं झालं होतं. (सीटबेल्टला खाचा नसतात हे मला माहीत आहे.)

आता थोडी भाषा, कारण धागा कोट्यांचा आहे. कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे हळू. माझे सासरे पहिल्यांदा इथे गाडी घेऊन आले, गल्लीत जरा जोरात वळवली, तर रिक्षावाला ओरडला "निधान, निधान!" सासऱ्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "निदान काय? वाक्य तरी पूर्ण कर की." आणि 'हालु' म्हणजे दूध. म्हणजे रिक्षावाल्याला हळू म्हणालात तर तो फार तर डेअरीसमोर थांबवेल.

आणि आता पहिला प्रश्न. इथे सकाळी कुठल्याही दर्शिनीत जा (दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल, आधी टोकन मग काउंटर), 'चौचौ भात' मिळतो. एका प्लेटमध्ये दोन मुदी, एक खारा भात, एक केसरी भात. नावात भात असला तरी दोन्ही रव्याचे, खारा म्हणजे भाज्या घातलेला आपला तिखटमीठाचा सांजा समजा आणि केसरी म्हणजे शिरा. (उपमा हा शब्द मी कोरड्या इडलीच्या भीतीने टाळलाय.) एकच प्लेट, दोन रंग, कोणी त्याला "ठोकलेली दिसतेय" म्हणत नाही.

चौचाकी गाडी. दोन रंगांची. चौचौ. अजून काय पाहिजे?

चटणीवाटी
भरडोसा मागे घेते. दार रंगवा हे पण मागे घेते.

माटुंगेकर
मान्य. पण तीन सिलिंडरला चौचौ म्हणणं म्हणजे जरा फसवणूक आहे.

नागपुरी_भाऊ
आमच्या सांबाराचा कोणी विचारच नाही करून राहिला.

क्लचराव
चौचौ फायनल!! बायकोला वाचून दाखवलं तर ती उठून बाल्कनीतून ते दार बघून आली. आता जाऊन आलो की लिहितो.

क्लचराव
(तीन आठवड्यांनी) आलो जाऊन. वृत्तांत लिहायचा कंटाळा आहे पण दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गाडीने मान राखला. खंबाटकीत एसी बंद करून दुसऱ्यावर चढली, मागून एक ट्रकवाला हॉर्न देत होता त्याला मनातल्या मनात निधान म्हणालो. बेळगावच्या पुढे मात्र चौथा, पाचवा, खिडकी अर्धी उघडी, दोन्ही बाजूला कापूस नाहीतर मका, मागे पोरगी झोपलेली, नव्वदच्या वर न्यायचीच नाही असं ठरवलेलं, आणि नव्वदला ती थरथर पूर्ण थांबते हे मला तिथे कळलं, म्हणजे शहरात आठ महिने चालवली असती तरी कळलं नसतं. मोठ्या गाड्या भुर्रकन पुढे जात होत्या आणि मला एकाचाही राग आला नाही. असं माझं सहसा होत नाही.

दावणगेरेत सकाळी सव्वाआठला पोचलो. लाकडाचा धूर, चार बाकं, मेन्यूकार्ड नाही. डोसा आला. जयनगर यांनी सांगितलं होतं तरी पहिला घास घेताना जीभ स्पंजच शोधत होती, दुसऱ्या घासाला शोधायची थांबली. कडेचा तुकडा मोडताना आवाज येतो आणि बोटं मनगटापर्यंत लोण्याची होतात, नंतर स्टिअरिंग धरता येईना म्हणून दोनदा साबणाने हात धुतले. आम्ही तिघांनी सात खाल्ले. पोरीने दोन. उरलेल्यांचा हिशेब मागू नका.

आणि आता कोटी, जी मी केली नाही, झाली. वाटीतल्या चटणीत नुसतं ओलं खोबरं आहे का डाळंपण आहे ते कळेना म्हणून वाढणाऱ्या मुलाला वाटी दाखवून विचारलं, "हे काय?"
तो म्हणाला, "हौदु सार, कायी."
मी: "काय?"
तो: "कायी."
मी: "अरे तेच विचारतोय, काय?"
तो (जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं समजून): "कायी सार, कायी!"
असं पाच-सहा वेळा झालं, बायको हसून हसून डोळे पुसतेय, शेवटी तो मुलगा आत गेला आणि अख्खा नारळ आणून माझ्यासमोर ठेवला. कायी म्हणजे नारळ. म्हणजे मी प्रश्न विचारत होतो आणि तो बिचारा पहिल्यापासून बरोबर उत्तर देत होता.

आता घरी कोणी "काय?" म्हटलं की पोरगी "नारळ" म्हणते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

बेंगळुरूत चौचौच्या बॉनेटवर चौचौची प्लेट ठेवून फोटो काढला, केसरी भाताची बाजू मुद्दाम त्या दाराकडे करून. दर्शिनीतले दोघं-तिघं बघत होते. एकाने विचारलं, काय ते कळलं नाही, मी म्हणालो "नारळ".

दार रंगवणं कॅन्सल. पुढच्या बंपरलाही एक ओरखडा आलाय हुबळीच्या पार्किंगमध्ये, माझ्याच चुकीने, तो पण तसाच ठेवणार आहे, वरून काजू घातलाय म्हणू.

जयनगर_चौथाब्लॉक
तट्टे इडली किती खाल्ल्या ते लिहायचं टाळलंत हे लक्षात आलंय.

नागपुरी_भाऊ
ते सारं ठीक आहे भाऊ. दावणगेरेत सांबार भेटला का नाही?

क्लचराव
नाही ना. त्यांचा पण नाही, तुमचा पण नाही.