मदत हवी आहे : पावागडच्या काचसदृश खडकाचे वर्गीकरण

वडोदऱ्याहून लिहीत आहे. पावागडाच्या माथ्याकडील रायोलाइटच्या (सिलिका भरपूर असलेला ज्वालामुखी खडक) थरांखाली सैल पडलेल्या काचसदृश तुकड्यांच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी रासायनिक घटक मोजण्याची पद्धत) विश्लेषणात सिलिका सुमारे ७० टक्के आली, मात्र तापवल्यावर वजनातील घट (मुख्यतः निघून गेलेले पाणी) ४ टक्क्यांहून अधिक आहे. पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी कापलेली खडकाची चकती) फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक ताजे दिसतात, काचेत परलाइटसारख्या (पाणी शोषलेली ज्वालामुखी काच) वक्र भेगा आहेत आणि एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी खनिजे ओळखण्याची पद्धत) झिओलाइट किंवा चिकणमातीची, म्हणजे काच बदलून बनणारी, खनिजे आढळली नाहीत. काचेने नंतर पाणी शोषताना सोडियम निघून पोटॅशियम वाढू शकते, ही खरी चिंता आहे, कारण ज्वालामुखी खडकांना नाव देण्यासाठी वापरला जाणारा एकूण अल्कली-सिलिका आलेख त्या दोघांच्याच बेरजेवर उभा असतो. मायक्रोप्रोब (सूक्ष्म बिंदूवरील रासायनिक घटक मोजणारे उपकरण) उपलब्ध नाही; झिर्कोनियम, टायटॅनियम, निओबियम व इट्रियम मात्र मोजलेले आहेत. अशा वेळी पाणी वगळून १०० टक्क्यांवर आणलेले आकडे त्या आलेखासाठी ग्राह्य धरावेत, की वर्गीकरण केवळ या चार स्थिर (पाण्यामुळे सहसा न हलणाऱ्या) मूलद्रव्यांवरच करावे?