मदत हवी आहे : आईचा फोन दुरुस्तीला द्यायचाय, सातारा

नमस्कार मंडळी. आईचा सॅमसंगचा फोन परवा पायरीवर पडला. डिस्प्ले दिसतो, पण खालच्या अर्ध्या भागाला टच नाही. राजवाड्याजवळ एका दुकानात दाखवला तर म्हणाले, "दोन दिवस ठेवा आणि पॅटर्न लिहून द्या." मी फोन परत घेऊन आले. डिस्प्ले बदलायला पॅटर्न कशाला लागतो? टच तपासायला लागत असेल तर माझ्यासमोर तपासा की!

त्यात आईचं पेन्शनचं खातं, यूपीआय, आधारचे फोटो आहेत. आणि बाबांचे शेवटच्या दिवाळीचे व्हिडिओ, ज्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही. म्हणून रीसेट मारून देणं शक्य नाही.

सिम काढून ठेवलंय. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो. तो लावला की फोटो, मेसेज, अ‍ॅप झाकले जातात आणि दुरुस्ती करणाऱ्याला कोरा फोन दिसतो. पण तो चालू करायला आधी फोन उघडला पाहिजे, आणि पॅटर्न तर खालच्याच भागात काढावा लागतो.

ओटीजी (फोनला माऊस जोडायची छोटी पिन) लावून माऊसने पॅटर्न काढता येतो का? कुणी केलंय? आणि पोवई नाका किंवा सदर बझार भागात समोर बसवून डिस्प्ले बदलून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. आई फोनशिवाय फार बेचैन आहे.