क्राउन-पिनियन बदलून ॲव्हरेज वाढायच्या ऐवजी घटलं, काय करू?

निफाडकर_७७
मंडळी, जरा लवकर सांगा, वैतागून गेलोय. मागच्या महिन्यात गाडीचा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) बदलला. फिटर म्हणाला, हायवेला इंजिन कमी फिरेल, डिझेल वाचेल. झालं उलटंच. आधी १२ चं ॲव्हरेज होतं, आता १०.७ वर आलंय. तीन फेऱ्या बघितलं, दर वेळी तेवढंच. बारा हजार गेले आणि दोन दिवस गाडी उभी राहिली ते वेगळंच. जुना सेट परत टाकू का? परवा माल भरायचाय, त्याच्या आत ठरवायचंय.

जुनाफिटर
भाऊ, गाडी कोणती? जुन्या सेटचे दात किती होते, नव्याचे किती? टायर कुठल्या मापाचे? लोड किती, रस्ता कोणता? नुसतं क्राउन बदलला म्हटल्यावर इथून कुणी काय सांगायचं?

रानवारा
क्राउनचा काही संबंध नाही. एअर फिल्टर काढून उन्हात धरून बघा, उजेड पलीकडे दिसला पाहिजे. आमच्या ट्रॅक्टरला हेच झालं होतं. फिल्टर बदलला आणि इंजेक्टर साफ करून घेतले, दुसऱ्या दिवसापासून फरक पडला.

निफाडकर_७७
डिझेल पिकअप आहे, जुनी, पाच गिअरची. टायर २१५/७५ आर १५, तेच आहेत, बदललेले नाहीत. द्राक्षं घेऊन वाशी मार्केटला जातो. रस्ता नेहमीचाच, नाशिक, कसारा, भिवंडी. जुना सेट ४१/९ (क्राउनचे दात ४१, पिनियनचे ९), नवा ४१/१०. फिल्टर दिवाळीत बदललाय. वेगही पहिल्यासारखाच, काटा ८० च्या वर जाऊ देत नाही. आवाजसुद्धा ८० ला पहिल्यासारखाच येतो. इंजिन कमी फिरतंय असं वाटतच नाही, म्हणून तर शंका आली की फिटरने सेट बदललाच नाही.

घाटवाट
इथंच चुकलं. लोडच्या गाडीला लांब रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन कमी फिरवणारा सेट) टाकायचाच नसतो. घाटात ती चौथ्यावरून तिसऱ्यावर येते, इंजिन दमतं, धूर सोडतं आणि जेवढं वाचवलं त्याच्या दुप्पट तिथं जळतं. मी सोळा वर्षं मालगाडी चालवतोय. जुना सेट परत टाका.

निफाडकर_७७
घाटवाट भाऊ, माझी भरलेली गाडी कसारा घाट उतरते. चढते ती रिकामी, मागे फक्त क्रेट असतात.

रानवारा
मग उतरताना न्यूट्रल करून सोडा की. इगतपुरी सोडल्यावर खालपर्यंत डिझेल लागणारच नाही.

जुनाफिटर
रानवारा, कृपा करून असं कुणाला सांगू नका. भरलेली गाडी न्यूट्रलवर घाटात सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाहीत. त्यात डिझेलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की पंपाचा गव्हर्नर डिझेल बंद करतो, इंजिनला चाकं फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच.

निफाडकर, तुम्हीही लक्षात ठेवा. ४१/१० मुळे त्याच गिअरमध्ये इंजिनचा ब्रेक पहिल्यापेक्षा दहा टक्के कमी लागणार. पूर्वी चौथ्यात उतरत असाल तर आता तिसऱ्यात उतरा.

आता दोन गोष्टी सांगा. तुमच्या मीटरला केबल आहे का, आणि ती कुठून निघते? घरून वाशीला मीटरवर किती किलोमीटर पडतात, पूर्वी किती आणि आता किती?

निफाडकर_७७
केबल आहे, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून येते. ते सांगायचं राहिलं, मीटर थोडा बिघडलाय. आधी घर ते वाशी १९८ पडायचे, आता १७८ च पडतात. केबल घसरत असणार, सीझन संपला की बदलीन. पण त्याचा डिझेलशी काय संबंध? गाडीला बाकी काही त्रास नाही, उलट हल्ली दहा-बारा मिनिटं लवकर पोचतो.

जुनाफिटर
सापडलं! केबल चांगली आहे, फिटरही खरं बोलला. सेट बदललाय.

तुमची केबल गिअरबॉक्समधून निघते, म्हणजे मीटर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजतो, चाकाचे नाही. ४१/९ ला शाफ्टचे ४.५६ फेरे झाले की चाकाचा एक फेरा व्हायचा. ४१/१० ला ४.१ फेऱ्यांतच होतो. गाडी तेवढीच पुढे गेली तरी शाफ्ट कमी फिरला, म्हणून मीटर कमी दाखवतो. १९८ चे दहा टक्के वजा करा, १७८ येतात. हिशेब किलोमीटरला जुळतोय.

तुमचा काटाही दहा टक्के कमी दाखवतोय. काटा ८० वर असताना गाडी खरी ८९ ने पळतेय. म्हणून लवकर पोचता.

भौतिकवाली_ताई
जुनाफिटर काकांचं बरोबर आहे. मी आकडे मांडून दाखवते.

या मापाच्या टायरचा भरल्या गाडीखाली एक फेरा साधारण २.१५ मीटर धरू. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ६२० फेरे. पाचवा गिअर ०.८५ चा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे ०.८५ फेरे, धरला (तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा) तर इंजिनचे फेरे असे येतात:

जुना सेट, खरे ८०: ६२० × ४.५६ × ०.८५ = सुमारे २४००
नवा सेट, खरे ८०: ६२० × ४.१ × ०.८५ = सुमारे २१६०
नवा सेट, काट्यावर ८० (खरे ८९): पुन्हा २४००

त्याच गिअरमध्ये काटा त्याच आकड्यावर असेल तर इंजिन तेवढंच फिरणार, कारण दोन्ही एकाच शाफ्टला बांधलेले आहेत. म्हणून आपल्याला आवाज सारखा वाटतो. इंजिन कमी फिरण्याचा फायदा आपण अजून घेतलेलाच नाही, तो सगळा वेगात गेला. आणि वेग महाग पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून ८९ ला गेलं की तो २३ ते २४ टक्के जास्त होतो.

आता ॲव्हरेज. कृपया फेरीला किती लिटर लागतात ते सांगा, भागाकार सांगू नका.

निफाडकर_७७
टाकी फुल्ल करून निघतो आणि परत येऊन त्याच पंपावर फुल्ल करतो. आधी जाऊन-येऊन ३३ लिटर लागायचं. आता ३३.२.

भौतिकवाली_ताई
मग झालं. मीटर ३५६ दाखवतो म्हणून ३५६ भागिले ३३.२ केलंत आणि १०.७ आलं. रस्ता मात्र ३९६ किलोमीटरच आहे. ३९६ भागिले ३३.२ म्हणजे ११.९. ॲव्हरेज घटलेलं नाही. गाडी जास्त वेगात पळूनही जवळपास पहिल्याइतकंच डिझेल लागलं.

घाटवाट
ताई, कागदावर सगळं जुळतं. पण इंजिन कमी फिरलं की ताकद कमी मिळते, मग पाय जास्त दाबावा लागतो. डिझेल पाय दाबल्यावरच जातं ना? मग बचत कुठून होणार?

भौतिकवाली_ताई
प्रश्न योग्य आहे. सपाट रस्त्यावर ८० ने जायला गाडीला लागणारी शक्ती दोन्ही सेटना सारखीच. फरक इंजिनच्या आत पडतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, तेलाचा पंप हे सगळं फिरवायलाच काही डिझेल जातं, आणि ते फेऱ्यांबरोबर वाढतं. २४०० ऐवजी २१६० फेऱ्यांत तेच काम झालं तर हे घर्षण कमी होतं. पाय थोडा जास्त दाबलेला असतो हे खरं, पण एकूण डिझेल कमी जातं. दहा टक्के फेरे कमी झाले म्हणून दहा टक्के डिझेल वाचेल असं नाही, घर्षण हा खर्चाचा एक भागच आहे.

तुमचंही एका जागी बरोबर आहे. चढाला किंवा जड लोडला पाचव्यात रेटत राहिलं, इंजिन थरथरायला लागलं, धूर आला, तर फायदा संपला. तिथं वेळेवर गिअर उतरवायचा.

जुनाफिटर
घाटवाट भाऊ सांगतात ते भरून घाट चढणाऱ्यांना तंतोतंत लागू आहे. माल उलट दिशेने जात असता तर मीही ४१/९ च ठेवायला सांगितलं असतं.

मिशिगनवासी
इकडे अमेरिकेत पिकअप घेतानाच ॲक्सल रेशो (तुमच्या ४.५६, ४.१ सारखा आकडा) निवडता येतो. माझ्या फोर्डला ३.५५ आहे. शेजाऱ्याने ट्रेलर ओढायचा म्हणून ३.७३ घेतला. वेगाचं म्हणाल तर १९७३ च्या तेलटंचाईनंतर सरकारने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली, ती इंधन वाचावं म्हणूनच. १९९५ मध्ये ती उठली. ५५ मैल म्हणजे आपले ८८ किलोमीटर.

डोंबिवली_लोकल
मधेच विचारतो, माझ्या पेट्रोल कारला एक माप मोठे टायर टाकले तर असंच ॲव्हरेज वाढेल का?

जुनाफिटर
फेरे थोडे कमी होतील, पण मीटर असाच कमी दाखवेल, उठाव मरेल, वळताना टायर कमानीला घासू शकतो. कंपनीने दिलेलंच माप ठेवा. बाकीसाठी नवा धागा काढा.

निफाडकर, सेटची अजून शंका असेल तर घरीच तपासा. सपाट जागी पुढच्या चाकांना उटी (अडसर म्हणून दगड किंवा लाकूड) लावा, गाडी न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर उचला. एकच चाक फिरलं की क्राउन त्याच्या निम्माच फिरतो, म्हणून ते हाताने २० फेरे फिरवलं की शाफ्ट बरोबर ४१ वेळा फिरला पाहिजे. जुना सेट असता तर १८ फेऱ्यांतच ४१ झाले असते. शाफ्टला खडूची खूण करा, मोजायला बरं पडतं.

पुढची फेरी काटा ७२ वर ठेवून करा, म्हणजे खरे ८०. चार पदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला मर्यादाही ८० चीच आहे, तुम्ही नकळत तिच्या वर जात होता. केबल बदलू नका. केबलच्या टोकाला गिअरबॉक्समध्ये छोटं चाक असतं, कमी दातांचं मिळालं तर मीटर खरा दाखवेल.

निफाडकर_७७ (नऊ दिवसांनी)
काका, ताई, आधी मोजून बघितलं. २० फेऱ्यांत ४१, खडू लावून दोनदा. फिटरला मी फोनवर बरंच बोललो होतो, परवा जाऊन माफी मागून आलो.

दोन फेऱ्या काटा ७२ वर ठेवून केल्या. पहिलीला ३१.७ लिटर, दुसरीला ३१.५. म्हणजे खरं ॲव्हरेज साडेबारा. आवाजही आता खरंच कमी आहे, भिवंडीपर्यंत गाणी ऐकू येतात. घाट तिसऱ्यात उतरलो, ब्रेक फारसा लागला नाही.

फेरीला साधारण १.४ लिटर वाचतंय. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर सव्वाशे रुपये. बारा हजार निघायला ९५-९६ फेऱ्या लागतील, म्हणजे दोन सीझन. फिटरने हा हिशेब आधी सांगितला असता तर मी थांबलो असतो. आता बसवलाय तर तोच ठेवतो.

छोटं चाक नाशिकला दोन दुकानांत विचारलं, मिळालं नाही. जुन्या गिअरबॉक्समधून काढलेलं कुणाकडे असेल तर कळवा. जुन्याला किती दात आहेत ते रविवारी उघडून मोजतो आणि इथंच लिहितो.