क्ष + य + झ = १ हे प्रतल उपअवकाश का नाही?

रामबाग_इंदूर
नमस्कार. बी.एससी.च्या हिंदी पुस्तकात 'उपसमष्टि' हा धडा चालू आहे, म्हणजे आपल्या मराठीतलं उपअवकाश: सदिश अवकाशाचा असा भाग, जो स्वतःही सदिश अवकाश असतो. त्यात क्ष + य + झ = ० हे प्रतल उपअवकाश आहे आणि क्ष + य + झ = १ नाही, असं दिलंय. दोन्ही सारखीच सपाट, सारखीच अमर्याद. मग फरक कुठे? शून्य सदिश संचात आहे एवढं पाहिलं की भागतं का, की सदिश अवकाशाचे आठही नियम दरवेळी तपासायचे?

नारायणबाग
आकार पाहू नका, बेरीज कुठे पडते ते पाहा. (१, ०, ०) आणि (०, १, ०) दोन्ही दुसऱ्या प्रतलावर आहेत. त्यांची बेरीज (१, १, ०), आणि तिच्या घटकांची बेरीज २. म्हणजे प्रतल सुटलं. पहिल्या प्रतलावर उजवीकडे ० + ० = ० होतं, म्हणून बेरीज आतच राहते. दुसरं प्रतल म्हणजे पहिलंच (१, ०, ०) ने सरकवलेलं. म्हणूनच त्यावरच्या कोणत्याही दोन सदिशांची वजाबाकी पहिल्या प्रतलात येते. हे कागदावर करून पाहाच, समीकरणांच्या उकली पुढे याच पद्धतीने लिहायच्या आहेत.

आठ नियमांची गरज नाही. क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण हे मोठ्या अवकाशातल्या सगळ्याच सदिशांना लागू आहेत, ते आतल्यांनाही लागू होतात. संच रिकामा नसावा, आणि उ, व हे दोन सदिश त्यात असतील तर प्रत्येक अदिश (म्हणजे साधी संख्या) क साठी क·उ + व त्यात असावा. बस. क = −१ आणि व = उ घेतलं की शून्य सदिश आपसूक मिळतो.

लष्कर_ग्वाल्हेर
शून्याची चाचणी संच बाद करायला उत्तम, मान्य करायला अपुरी. क्ष·य ≥ ० असलेल्या जोड्या घ्या. शून्य आहे, अदिश गुणाकारही आत राहतो. पण (१, २) + (−२, −१) = (−१, १), गुणाकार −१. उलट बाजूचं उदाहरण तुमच्या इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतलं: (पोह्यांच्या प्लेटा, जिलेबीचे ग्रॅम). दोन ऑर्डरींची बेरीज होते, पण −१ ने गुणलं की उणे प्लेटा.

परीक्षेत हमखास चुकतं ते बहुपदींचं. कोटी (सर्वांत मोठा घातांक) नेमकी २ असलेल्या बहुपदी उपअवकाश होत नाहीत: (क्ष² + क्ष) + (−क्ष²) = क्ष. 'कोटी जास्तीत जास्त २' म्हटलं, शून्य बहुपदी धरली, की होतात, आणि मिती, म्हणजे लागणाऱ्या स्वतंत्र सदिशांची संख्या, ३ येते.

रामबाग_इंदूर
आता नीट कळलं, दोघांचेही आभार. दोन उपअवकाशांचा संयोग आणि छेद?

नारायणबाग
छेद नेहमी उपअवकाश. संयोग तेव्हाच, जेव्हा एक दुसऱ्यात सामावलेला असतो. क्ष-अक्ष आणि य-अक्ष घ्या: (१, ०) + (०, १) = (१, १), दोन्ही अक्षांच्या बाहेर. संयोगाऐवजी बेरीज उ + व घ्यायची (इथे उ, व हे दोन उपअवकाश; एकातला एक सदिश अधिक दुसऱ्यातला एक, अशा सगळ्या बेरजा). तिची मिती म्हणजे दोघांच्या मितींची बेरीज वजा छेदाची मिती. त्रिमित अवकाशात आरंभबिंदूतून जाणारी दोन वेगळी प्रतलं घेतलीत तर त्यांची बेरीज सगळा अवकाश भरते (मिती ३), म्हणून छेदाची मिती २ + २ − ३ = १, म्हणजे छेद एक रेषा. ती नुसत्या एका बिंदूत भेटूच शकत नाहीत.