डीव्हीडीचा स्पेक्ट्रोस्कोप: डबा काढून लावला की रेषा सरकते

रंकाळाकाठ:
मंडळी, घरच्या थ्रीडी प्रिंटरवर स्पेक्ट्रोस्कोप (उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) करतोय, फट, ग्रेटिंग (बारीक रेघांनी रंग फोडणारा तुकडा) आणि मोबाईलचा होल्डर असे तीन वेगळे डबे, एकाला एक जोडायचे. ग्रेटिंग म्हणजे जुन्या डीव्हीडीचा सोललेला तुकडा, फट दाढीच्या दोन पात्यांची. सीएफएलची हिरवी रेषा झकास दिसते पण डबा काढून परत लावला की फोटोत ती कुठल्या कुठं जाते. खाचा घट्ट केल्या तर बसत नाहीत, सैल केल्या तर हलतात. काय करू?

उद्यमनगरी:
भावा खाचांचा नाद सोड. एका डब्यावर तीन छर्रे चिकटव, सायकलच्या दुकानात मिळतात तेच, आणि समोरच्यावर मधोमध रोखलेल्या तीन व्ही आकाराच्या चरी, ओढून धरायला चुंबक. एकेक छर्रा चरीच्या दोन बाजूंना, म्हणजे सहाच ठिकाणी टेकतंय, म्हणून दरवेळी तिथंच बसतंय. प्रिंट जरा वाकडी आली तरी चालतंय की.

मागचा बाक:
वरचं बरोबर. मग सीएफएलमधल्या पाऱ्याच्या रेषा धरून फोटोतला कुठला पिक्सेल म्हणजे किती तरंगलांबी हे गणित बसव, हिरवी ५४६ नॅनोमीटर, निळी ४३६. आणि कुणी सीडी लाव म्हटलं तर ऐकू नको, तिच्यात मिलीमीटरला ६२५ च्या आसपास रेघा, डीव्हीडीत १३५०, रंग जास्त पसरतात. आतून काळा मखमली कागद लाव, काळं पीएलए (प्रिंटरचं प्लास्टिक) पण लई चकाकतं. आणि उन्हात गाडीत ठेवू नको, साठ अंशाला मऊ पडतं.

रंकाळाकाठ:
गाडीचं आधी सांगायचं की वो! एक डबा गेलाच. छर्रे आणलेत, पहिला बोटालाच चिकटला.