फायबरचा स्विमिंग पूल खरखरीत झालाय : थर बसलाय की झीज झालीय? मदत हवी आहे

नमस्कार.

कर्जतजवळ आमचं छोटं शेतघर आहे, आई-बाबा आता तिथेच राहतात. अंगणात २०१४ साली बसवलेला तयार फायबरचा पूल आहे. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, सरासरी १.३ मीटर खोल, म्हणजे साधारण २३ हजार लिटर पाणी. बाबांना जुना मधुमेह आहे, तळपायांना फारसं जाणवत नाही. गुडघ्यांसाठी ते रोज अर्धा तास पाण्यात चालायचे. मे महिन्यात त्यांची टाच आणि अंगठा सोललेला दिसला. त्यांना पत्ताही नव्हता. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको. तेव्हापासून त्यांचं पाण्यात उतरणं बंद आहे.

दोन कंत्राटदार येऊन गेले. एक म्हणाला, पूल रिकामा करू, ॲसिडने धुऊ, इपॉक्सी रंगाचे दोन हात देऊ. दुसरा म्हणाला, घासून वर फायबरचा नवा थर चढवू. नेमकं बिघडलंय काय, हे दोघांपैकी एकानेही हात लावून पाहिलं नाही. म्हणून मीच तपासायला घेतलं. जे दिसलं ते लिहिते.

पाण्याच्या रेषेवर आणि वरच्या पायरीवर पांढरट, टणक, पॉलिश पेपरसारखा थर आहे. लाकडी पट्टीने थोडा खरवडून वाटीत घेतला आणि लिंबू पिळलं, तर लगेच फसफसला. म्हणजे हा चुनखडीचा थर. आमचं बोअरचं पाणी जड आहे. पावसाआधी थेंबांच्या किटने मोजलं तेव्हा पीएच ८.२, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) २२०, कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम) ४२० आला. यावरून लँगेलिअर निर्देशांक (पाणी चुना सोडणार की विरघळवणार हे सांगणारा आकडा) सुमारे +१.३ निघतो, ०.३ च्या वर गेला की पाणी चुना सोडायला लागतं. त्यात आम्ही क्लोरीनसाठी कॅल्शियम हायपो वापरतो, म्हणजे दर वेळी कॅल्शियमची भरच.

पण उथळ बाजूच्या तळाची गोष्ट वेगळी आहे. तिथे खरवडल्यावर खडे येत नाहीत, निळसर पांढरी पेस्ट हाताला लागते आणि लिंबाने काहीही होत नाही. पाण्याखालीच तळहाताएवढ्या जागेवर १००० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवला, तर खालून मूळ निळा रंग आला आणि जागा गुळगुळीत झाली. म्हणजे इथे जेलकोटच (फायबरवरचा रंगीत, गुळगुळीत संरक्षक थर) भुकटी होऊन सुटतोय ना? देखभाल करणारे काका बरीच वर्षं ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्या, आम्लधर्मी) गोळ्या थेट याच भागात टाकत होते. त्यांना तसं करू नका हे कुणी सांगितलंच नव्हतं, आम्हीही नाही.

तिसरी गोष्ट जास्त काळजीची. दुसऱ्या पायरीच्या कडेला तंतूंची जाळी दिसते, हात फिरवला की कुसळं रुतल्यासारखं होतं. शेजारी मसुराएवढे सात-आठ फोड आहेत. (तपकिरी डागही होते, त्यांवर क जीवनसत्त्वाची गोळी धरली तर फिके पडले. ते लोहाचे, त्यांचं काही विशेष नाही.)

प्रश्न असे : जेलकोट मुळात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, तर आता घासायला किती उरला आहे हे कसं ओळखायचं? फोडांचं काय करायचं? आणि दोघेही आत्ताच, जुलैत, पूल रिकामा करायला सांगताहेत ते ऐकायचं का? कुंपणापलीकडे भातखाचरं तुडुंब आहेत, विहीर हाताला लागेल इतकी भरली आहे. मला भीती वाटते की टाकीच वर उचलली जाईल.

प्रतिसाद

ताई, भीती अगदी खरी आहे, अजिबात रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी पुलाच्या निम्म्या उंचीपर्यंत असलं तरी वर उचलणारा जोर दहा टनांच्या पुढे जातो. रिकामं फायबर त्यापुढे टिकत नाही, उचललं जातं नाहीतर भिंत आत फुगते.

मी हर्णैला फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, आमचं आणि तुमचं दुखणं एकच. फोड म्हणजे पाणी जेलकोटमधून आत झिरपलंय. फोडलात तर व्हिनेगरसारखा आंबट वास येईल, पण आत्ता फोडू नका. मोजून फोटो काढून ठेवा, दिवाळीनंतर पुन्हा मोजा. वाढत असतील तर काम मोठं आहे : उघडायचे, आठवडे-आठवडे सुकू द्यायचे, मग व्हिनिलएस्टर रेझिनची लांबी (पुट्टी) भरून वर जेलकोट. इपॉक्सीचा रंग आत्ता मारून घेऊ नका. इपॉक्सीवर साधा जेलकोट नीट धरत नाही, पुढे कुणी चांगला कारागीर मिळाला तरी आधी तो रंग सगळा काढावा लागेल.

जेलकोटची जाडी कळायला स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) कापलेल्या तोंडाची कड बघा, तिथे रंगाचा थर उघडा दिसतो. तळावर घासताना पाण्यातली भुकटी निळी आहे तोवर ठीक, तंतू दिसायला लागले की थांबा. धातूचा ब्रश नको.

चुन्याच्या थराला पावसाचीच मदत घ्या. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. छपराचं पाणी पहिल्या दोन-तीन सरी सोडून पुलात वळवा, जादाचं वाहून जाऊ द्या, पूल भरलेलाच राहील. पीएच ७.२ आणि अल्कलिनिटी १०० च्या आत आणली की थर काही आठवड्यांत मऊ पडतो, मग नायलॉनचा ब्रश पुरतो. पीएच ७ च्या खाली मात्र नको, जेलकोटला बाधतं. पीएच उतरवायचं ॲसिड नेहमी बादलीतल्या पाण्यात ओतायचं, उलट नाही, आणि क्लोरीनच्या जवळपासही न्यायचं नाही, विषारी वायू होतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. स्किमरची कड पाहिली : निळा थर नखाच्या जाडीएवढा दिसतोय. फोड मोजले, नऊ आहेत, म्हणजे आधी माझ्याकडून सुटले होते. छपराच्या पन्हाळीला आज पाइप जोडला. दोन्ही कंत्राटदारांना डिसेंबरनंतर, विहिरीचं पाणी खाली गेल्यावर या म्हणून कळवलं आहे.

एक राहिलं. त्या पायरीच्या उघड्या तंतूंवर तोपर्यंत काय लावावं? पाण्याखाली घट्ट होणारी लांबी चालेल, की नंतर तीही इपॉक्सीसारखीच आडवी येईल? बाबा रोज विचारतात, कधी उतरू म्हणून.